सोनी फुल-फ्रेमसाठी रोजची झूम: २०, २४ की २८ पासून?

सोनीचा ए७ फोर किंवा त्याच कुळातला दुसरा फुल-फ्रेम कॅमेरा घेतला, की काही महिन्यांत कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स अपुरी वाटू लागते आणि प्रश्न पडतो: कायम बॉडीवर राहील अशी एक झूम कोणती घ्यायची? मी लग्नं आणि घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढतो, आषाढात वारीला जातो, थंडीत गड चढतो. या तिन्ही ठिकाणी कधी स्वतःच्या, कधी भाड्याने आणलेल्या लेन्स वापरून माझं मत पक्कं झालं आहे. शार्पनेसच्या तक्त्यांवर रात्री जागवू नका. आजच्या सगळ्या चांगल्या झूम पुरेशा शार्प आहेत. पाठीमागे सरकायला तुम्हाला किती जागा मिळते आणि समोर उजेड किती असतो, यावर लेन्स ठरवा.

आधी पाच उमेदवार (पहिले दोन आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ; एफ/ नंतरचा आकडा लहान तितका उजेड जास्त; शेवटी पुढे बसणाऱ्या फिल्टरचा व्यास):

टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ जी२ (२०२१): ५४० ग्रॅम, ६७ मिमी फिल्टर
सिग्मा २४-७० एफ/२.८ आर्ट, दुसरी आवृत्ती (२०२४): ७३५ ग्रॅम, ८२ मिमी
सोनी २४-७० एफ/२.८ जीएम, दुसरी आवृत्ती (२०२२): ६९५ ग्रॅम, ८२ मिमी
सोनी २४-१०५ एफ/४ जी (२०१७): ६६३ ग्रॅम, ७७ मिमी
सोनी २०-७० एफ/४ जी (२०२३): ४८८ ग्रॅम, ७२ मिमी

रुपयांतल्या किमती दर सणाला खालीवर होतात, म्हणून बाजारात आल्या तेव्हाच्या अमेरिकेतल्या किमती प्रमाणासाठी लक्षात ठेवा. टॅमरॉन साधारण ९०० डॉलर, २०-७० साधारण ११००, सिग्मा १२००, २४-१०५ साधारण १३०० आणि जीएम २३००. म्हणजे चार लेन्स एकमेकींच्या आसपास आहेत आणि एक जवळजवळ दुप्पट.

चार मिलिमीटरची गोष्ट

२४ आणि २८ यांत फरक तो काय, असं कागदावर वाटतं. मलाही वाटायचं. मग एका जुन्या वाड्यात साठीशांतीचा कार्यक्रम होता. माजघरात सगळं कुटुंब एका ओळीत उभं केलं आणि मी समोरच्या भिंतीला पाठ टेकवली. माझ्यात आणि त्यांच्यात तीन मीटर. तेव्हा माझ्याकडे २८ पासून सुरू होणारी झूम होती. आजी खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, थोरला कडेला तुटतोय बघ." तो खरंच तुटत होता. मागे जायला भिंतीत शिरावं लागलं असतं. शेवटी दोन ओळी केल्या. मागच्या ओळीतल्या दोन सुना अर्ध्या झाकल्या गेल्या आणि तो फोटो तसाच फ्रेम होऊन भिंतीवर लागला.

हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. ३६ ला फोकल लेंथने भागा आणि अंतराने गुणा, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी मिळते. तीन मीटरवरून २८ ला साधारण ३.८५ मीटर, २४ ला साडेचार मीटर आणि २० ला ५.४ मीटर. २८ वरून २४ वर आलात की साधारण ६५ सेंटिमीटर जागा वाढते. सरळ उभा एक माणूस त्यात नक्की बसतो, तिरकं उभं केलं तर दोन. लांबचा फोटो नंतर थोडा कापून जवळ आणता येतो, पण जे चौकटीत आलंच नाही ते परत आणता येत नाही.

तुमचं काम वाडे, चाळीतल्या खोल्या, वन बीएचकेमधली बारशी, देवघरातल्या पूजा असं असेल, तर टॅमरॉन कितीही हलकी आणि स्वस्त असली तरी तिच्याबरोबर एखादी वाइड लेन्स घ्यावी लागेल, हे धरूनच चला. दोन्ही मिळून खर्च सिग्माच्या पुढे जातो. उलट मोठी मंगल कार्यालयं, लॉन, मोकळ्यावरची पोर्ट्रेट हे तुमचं रोजचं असेल, तर २८ कुठेही अडत नाही आणि ५४० ग्रॅमची लेन्स हळदीपासून रिसेप्शनपर्यंत मनगटाला सुख देते.

मग २० सगळ्यात उत्तम का नाही? खोली, मंडप, गाभाऱ्याबाहेरची गर्दी यांसाठी उत्तमच आहे. पण २० ला कडेची माणसं ताणली जातात. कडेला उभ्या असलेल्या मावशींचा दंड आणि चेहरा रुंद दिसतो, आणि त्या तो फोटो कधीच विसरत नाहीत. २० ला ग्रुप घेताना कडेला तरुण, सडपातळ मंडळी ठेवतो आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी सोडतो.

अंतरपाट बाजूला होतो तेव्हा

आता उजेडाकडे. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट सरकतो आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी अक्षता येतात. नवरी मान वर करते, नवऱ्याच्या फेट्यावर तांदूळ अडकलेले असतात, दोघांचे हार हातातच असतात. हा सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा. हॉलमधले दिवे बहुतेक वेळा पिवळट आणि कमी असतात. चेहरे हलले नाहीत पाहिजेत म्हणून मी शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेत नाही. एफ/२.८ ला तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० लागत असेल, तर एफ/४ ला ६४०० लागतो, कारण एफ/४ मधून निम्माच उजेड आत येतो. ए७ फोरवर ६४०० चालतो. पण त्याच हॉलमध्ये आणखी अंधारा कोपरा आला, की एक लेन्स ६४०० वर आणि दुसरी १२८०० वर जाते. तिथे नवरीच्या शालूचा पोत आणि मेंदीच्या बारीक रेषा चिखलात जायला लागतात.

इथे स्टॅबिलायझेशनचा मुद्दा हमखास निघतो. पाचांपैकी फक्त २४-१०५ मध्ये ते लेन्समध्येच आहे, बाकी चार बॉडीवर अवलंबून आहेत. पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोर नाचणाऱ्या करवलीला नाही. दीपमाळेचा किंवा रिकाम्या मंडपाचा फोटो असेल तर उपयोग आहे, वरातीसाठी नाही. म्हणून लग्नं हाच पोटापाण्याचा धंदा असेल तर मी एफ/४ सुचवत नाही.

पार्श्वभूमी धूसर होण्याबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसला आहे. लोक म्हणतात, एफ/४ ने पोर्ट्रेट होत नाही. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की उजेड आत येणाऱ्या भोकाचा व्यास मिळतो. ७० मिमी एफ/२.८ ला तो २५ मिमी येतो आणि १०५ मिमी एफ/४ ला २६ मिमीपेक्षा जरा जास्त. माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवला, तर लांबची पार्श्वभूमी १०५ ला एफ/४ वरही ७० च्या एफ/२.८ इतकीच, किंबहुना किंचित जास्त विरघळते. अट एकच: तुम्हाला दीडपट मागे जावं लागतं. बागेत जाल, माजघरात जाणार नाही. २०-७० ला मात्र ही सोय नाही. तिच्या ७० एफ/४ ला भोक साडेसतरा मिमीचंच, म्हणून पोर्ट्रेट हीच आवड असेल तर तिच्याकडे जाऊ नका.

वारी आणि गड

ज्ञानोबांची पालखी पुणं सोडून सासवडला जाते तेव्हा वाटेत दिवे घाट लागतो. रस्त्याच्या कडेला एकदा जागा पकडली की हलता येत नाही. वरून भुरभुर पाऊस, खालून चिखल. अशा वेळी लेन्स बदलण्याचा विचारही करू नये, सेन्सरवर काय जाऊन बसेल सांगता येत नाही. समोरून वीणेकरी येतात, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागे घाटाच्या वळणांवर पांढऱ्या टोप्यांची न संपणारी रांग. एकाच जागेवरून हे सगळं घ्यायचं, तर मला २४-१०५ शिवाय दुसरी लेन्स आठवत नाही. सहा मीटरवरून ७० ला तीन मीटर रुंदीचा पट्टा येतो, १०५ ला दोन. तुळस आणि तिच्याखालचा सुरकुतलेला चेहरा एवढंच हवं असेल तेव्हा तो एक मीटर फार मोलाचा असतो. ७० चा फोटो कापून १०५ इतका जवळ आणला, तर ए७ फोरच्या ३३ मेगापिक्सेलपैकी पंधराच्या आत उरतात. अल्बमला पुरतात, मोठ्या छापाला जाणवतात. लेन्स २०१७ ची आहे, ॲपर्चर रिंग (एफ-आकडा बदलायची कडी) नाही, पण दिवसाच्या उजेडात फिरून काम करणाऱ्यासाठी आजही माझं पहिलं नाव हेच.

गडावर वजन बोलतं. हरिश्चंद्रगडाच्या चढात, पाठीवर पाणी आणि शिधा असताना, जीएमपेक्षा दोनशे आणि सिग्मापेक्षा अडीचशे ग्रॅम हलकी २०-७० गळ्यात असणं वेगळंच. कोकणकड्यावर पोचल्यावर २० मिमीची खरी किंमत कळते, कड्याची आत वळलेली कमान बऱ्यापैकी एका चौकटीत येते. सूर्योदय, रानफुलं, लेणी, तंबूतला चहा, सगळं एका लेन्समध्ये. तिच्या ७० टोकाला २५ सेंटिमीटरवर फोकस होतो आणि वस्तू सेन्सरवर ०.३९ पट उमटते. पाचांत सगळ्यात जवळचं काम हीच करते.

जवळून काढण्याबाबत आकड्यांनी फसू नका. टॅमरॉनचा १८ सेंटिमीटर आणि सिग्माचा १७ सेंटिमीटर हा आकडा वाइड (कमी मिमीच्या) टोकाचा आहे, आणि तो सेन्सरपासून मोजलेला असतो. त्यातून लेन्सची आणि तिच्यामागे सेन्सरपर्यंतची लांबी वजा केली तर टॅमरॉनच्या तोंडापुढे चारेक सेंटिमीटरच उरतात. वाटीतल्या मंगळसूत्रावर लेन्सची सावली पडते आणि वाट्या वेड्यावाकड्या दिसतात. दागिने, नथ, मेंदी यांसाठी टेली (जास्त मिमीच्या) टोकाला जवळ जाणारी लेन्स लागते. तिथे २०-७० च्या खालोखाल जीएम आणि २४-१०५ सोयीच्या आहेत.

दुप्पट पैसे कशाचे?

जीएम आणि सिग्मा यांचे फोटो अल्बमच्या पानावर शेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे ग्राहक ओळखणार नाही, मीही पैज लावणार नाही. फरक दुसरीकडे आहे. सोनीच्या बॉडी बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमच्या (फोटोंच्या) पुढे जाऊ देत नाहीत. ए७ फोर मुळात १० फ्रेमचाच, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. ए१ किंवा सेकंदाला १२० फ्रेम काढणारा ए९ थ्री असेल तर फार बिघडतं. दुसरं, व्हिडिओत फोकस बदलताना चौकट आतबाहेर होते. ते सावरणारी ब्रीदिंग कॉम्पेन्सेशनची सोय ए७ फोरमध्ये सोनीच्याच ठरावीक लेन्सना मिळते. म्हणून व्हिडिओवर घर चालत असेल किंवा खेळ काढत असाल तर जीएम घ्या, ते पैसे वसूल होतात. बाकी लग्नाच्या फोटोग्राफरला मी सिग्माची दुसरी आवृत्ती सांगतो. ॲपर्चर रिंग आहे, फोकस आपोआप की हाताने हे ठरवणारं एएफ-एमएफ बटण आहे, २४ आहे, एफ/२.८ आहे. उरलेल्या पैशात एक बरा फ्लॅश आणि ८५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) येते. सिग्माची पहिली आवृत्ती (२०१९) सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळते, फक्त ८३० ग्रॅम उचलायची तयारी ठेवा.

सोनीची २८-७० एफ/२ (२०२४) विलक्षण आहे, पण ९१८ ग्रॅम आणि ८६ मिमी फिल्टर. रात्रीच्या संगीत कार्यक्रमांचं काम भरपूर असल्याशिवाय विचार करू नका. २४-५० एफ/२.८ फक्त ४४० ग्रॅमची आहे, प्रवासाला गोड, लग्नाला ५० वर हात आखडतो.

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट करा. किट लेन्सने (बहुधा २८-७०) काढलेले शेवटचे हजारभर फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फोकल लेंथनुसार गाळा. २८ वर ढीग लागला असेल तर तुम्हाला २८ आवडते असं समजू नका, तुम्ही तिथे अडला आहात आणि तुम्हाला २४ किंवा २० हवी आहे. ७० वर ढीग असेल तर २४-१०५ कडे बघा. मग निवडलेली लेन्स एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा, घरातल्या सगळ्यात लहान खोलीच्या भिंतीला पाठ टेकवा आणि समोरच्या भिंतीशी सगळ्यांना एका ओळीत उभं करा. थोरला चौकटीत येतो की नाही ते बघा.