३१ ऑक्टोबरची संध्याकाळ चर्चच्या आवारात: ‘ट्रंक ऑर ट्रीट’विषयी अभिप्राय

३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी, मुलांना पोशाख घालून कँडी मागायला घरोघर पाठवण्याऐवजी चर्चच्या आवारात आणावे, या हेतूने अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती मंडळ्या ‘ट्रंक ऑर ट्रीट’ ठेवतात. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या आमच्या उपनगरातील अशाच एका कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबे मला याविषयी नेहमी विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

स्वरूप सोपे आहे. पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या करून प्रत्येक कुटुंब आपल्या गाडीची डिकी सजवते आणि मुले एका डिकीपासून दुसऱ्या डिकीपर्यंत कँडी गोळा करत जातात. नोहाचे तारू, योनाचा मासा, दावीद आणि गल्याथ अशी सजावट होती. भुते, चेटकिणी आणि रक्ताळलेले मुखवटे यांना मनाई होती. प्रवेश विनामूल्य होता आणि आवारात वाहनांची ये-जा पूर्ण बंद होती. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका जवळपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला होता, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो त्याहूनही पुष्कळ अधिक होता. अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी हिरवट-निळ्या भोपळ्याची खूण करून खडू आणि छोटी खेळणी वेगळी ठेवली होती, याचेही मनापासून कौतुक वाटते. सुरक्षितता आणि व्यवस्था या बाबतीत मी पूर्ण गुण देईन.

माझा आक्षेप माइकवरून जे सांगितले गेले त्याला आहे. हा सण सैतानाचा असून आपण त्यापासून मुलांना वाचवत आहोत, एवढेच पुन्हा पुन्हा ऐकवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण असतो, हे मात्र कोणीही सांगितले नाही. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनामंदिर अर्पण केले आणि ८३५ च्या सुमारास चौथ्या ग्रेगरींच्या काळात फ्रँकिश साम्राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या परिसरात) १ नोव्हेंबर हा दिवस रूढ झाला. ३१ ऑक्टोबर ही त्याच सणाची पूर्वसंध्या आहे. आयर्लंडमधील साविन या जुन्या सणाचा यात किती वाटा आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जाऊन कबरींवर फुले वाहणे आणि मेणबत्त्या लावणे परिचयाचे आहे. मृत्यूविषयी आणि पुनरुत्थानाच्या आशेविषयी मुलांशी बोलण्यासाठी याहून योग्य दिवस कोणता? ती संधी कँडीच्या गडबडीत वाया गेली, याचे मला वाईट वाटले.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे आणि मृतांना विचारणे स्पष्टपणे निषिद्ध आहे, त्यामुळे मृतात्म्यांना बोलावण्याचे खेळ आमच्या घरात गंमत म्हणूनही चालत नाहीत. परंतु करिंथच्या मंडळीला मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयी लिहिताना प्रेषित पौलाने विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरचे आमंत्रण स्वीकारण्याची मुभा दिली आहे, आणि दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर थांबण्यासही सांगितले आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबे दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या फराळाच्या ताटाबाबत हाच विचार पिढ्यानपिढ्या करत आली आहेत, आणि नाताळात तेच ताट करंज्यांनी भरून परत गेले आहे. त्यामुळे फुलपाखराचा पोशाख घालून शेजारच्या दारी चॉकलेट घेणाऱ्या मुलाच्या श्रद्धेला धोका आहे, असे मला वाटत नाही. ज्या पालकांचा विवेक हे मान्य करत नाही, त्यांच्यावर मात्र कोणी दबाव आणू नये.

म्हणूनच कार्यक्रमाची वेळ मला सर्वांत जास्त खटकली. सहा ते आठ हीच गल्लीतील मुले घरोघर फिरण्याची वेळ असते. त्या वेळी मंडळीतील सर्व कुटुंबे चर्चच्या आवारात असतात, आणि त्यांच्या घरांचे ओसरीवरील दिवे विझलेले असतात, म्हणजे इथल्या रीतीप्रमाणे ‘आमच्याकडे येऊ नका’ असाच निरोप जातो. एरवी वर्षभर गराजचे दार बंद करून घेणारे शेजारी या एका संध्याकाळी आपणहून दारात येतात, आणि नेमके तेव्हाच आपण घरी नसतो. आवारात आलेल्या गुजराती आणि तेलुगू कुटुंबांच्या पिशव्यांत न बोलता पत्रके टाकली गेली. त्यांच्याशी चार शब्द बोलणे अधिक उचित झाले असते.

अगदी लहान मुले असलेल्या आणि रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी या कार्यक्रमाला अवश्य जावे. आयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी तो ३१ तारखेच्या आधीच्या शनिवारी दुपारी घ्यावा आणि एखाद्या डिकीत संतांच्या गोष्टी सांगणारे कोणी बसवावे. तोवर आम्ही ३१ तारखेला घरीच थांबणार आहोत, ओसरीवरचा दिवा लावून.