जाड रंगातलं निसर्गचित्र: नुसता तैलरंग, पेस्टवरचा तैलरंग की प्रिंट?

हॉलसाठी २४ बाय ३६ इंचाचं, बोट फिरवलं तर गवताची पाती हाताला लागतील असं निसर्गचित्र घ्यायचं असेल, तर तीन प्रकार समोर येतात. नुसत्या तैलरंगाचे जाड थर, टेक्स्चर पेस्टने उठाव करून त्यावर तैलरंग, किंवा छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे. फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. सोलापूरच्या भिंतीवर चार-पाच उन्हाळे काढल्यावर मात्र फरक कळतो.

प्रिंटचं आधी उरकून घेऊ. मोबाइलचा टॉर्च कॅनव्हासला जवळजवळ टेकवून तिरका धरा. नाइफने, म्हणजे रंग ओढायच्या चपट्या पात्याने, ओढलेल्या खऱ्या फटकाऱ्याच्या कडेला रंगाचीच धार उभी राहते, आणि अर्धवट मिसळलेल्या दोन रंगांच्या रेघा त्यात दिसतात. जेलच्या कामात उंचवटा एका दिशेला जातो आणि रंग दुसरीकडेच बदलतो. भिंगातून छपाईचे ठिपकेही दिसतात. सजावट म्हणून खुशाल घ्या, पण तैलचित्राचे पैसे देऊ नका.

नुसत्या तैलरंगाची झळाळी पेस्टच्या कामाला येत नाही, हे खरं. जाड रंगात रंगद्रव्य आतपर्यंत भरलेलं असतं, त्यामुळे टवका उडाला तरी आत तोच रंग दिसतो. पण हिशेब करून बघा. एवढ्या कॅनव्हासवर सरासरी १ मिमी थर द्यायचा तर सुमारे ५५५ मिली रंग लागतो, म्हणजे ४० मिलीच्या १४ नळ्या. किंमत वाढते ती इथे.

दुसरी अडचण वेळेची. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो. ३-४ मिमीच्या थरावर वर साय धरते आणि आत कित्येक महिने ओलं राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात साय लवकर धरते म्हणून काम झालं असं समजून कोणी अंतिम व्हार्निश मारलं, की वर सुरकुत्या येतात. पांढऱ्या रंगात पिवळेपणा कमी यावा म्हणून बरेचदा करडईचं तेल वापरतात; ते आणखी हळू वाळतं. घाई असेल तर चित्रकाराला अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळवणारं मिश्रण) घालून थर चढवायला सांगता येतं. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा क्रम उलटला तर भेगा ठरलेल्या.

पेस्टमध्ये संगमरवराची पूड आणि ती धरून ठेवणारं ॲक्रिलिक बाइंडर असतं. उठाव लवकर उभा राहतो, खर्च कमी, आणि वरचा तैलरंग पातळ असल्यामुळे वाळतोही लवकर. बिघडतं ते दोन ठिकाणी. एका दमात ५-६ मिमी थापली तर तळं आटल्यावर काळी माती भेगाळते तशी ती भेगाळते. २-३ मिमीचा थर पूर्ण वाळवून मगच पुढचा द्यायला हवा. दुसरं, कोरडी पेस्ट तेल शोषून घेते आणि रंग फिका, मेलेला दिसतो. मध्ये जेसोचा, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात दिलाय का, हे विचारा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिकचा टच-अप केला तर पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

पेस्टच्या नावाखाली भिंतीची पुट्टीही खपते. ताठ पुट्टी आणि हलणारा कॅनव्हास यांचं जमत नाही. मागून बोटाने हलकेच दाबल्यावर करकर आवाज आला तर ते चित्र सोडून द्या.

सोलापुरात कूलरचा विचार करायलाच हवा. दिवसभर ओली हवा, बंद केला की कोरडी. सुती कॅनव्हास सैल-ताठ होत राहतो आणि जाड थर आधी तडकतो. म्हणून ४ मिमीच्या पुढचा उठाव हवा असेल तर ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा प्लायवर चिकटवलेला कॅनव्हास घ्या. चित्र कूलरच्या झोतात नको, दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवरही नको. अगदी अंधाऱ्या पॅसेजमध्ये जवसाचं तेल पिवळं पडतं, तेही टाळा.

विषय कोणता, यावरही निवड ठरते. नान्नजच्या माळाचं गवत, कापणीला आलेली ज्वारी, नांगरटीची ढेकळं यांना उठाव शोभतो. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी आणि वरचं आभाळ पातळच हवं. सगळीकडे सारखी जाडी असलेलं चित्र आम्हाला तरी नवशिक्याचं वाटतं. पुढची ढेकळं जाड आणि क्षितिज सपाट असेल तरच चित्राला खोलपणा येतो.

एकंदर, बहुतेक घरांसाठी प्लायवरची पेस्ट आणि त्यावर तैलरंग हाच सौदा बरा. नुसता तैलरंग तेव्हाच घ्या, जेव्हा चित्र पूर्ण होऊन सहा महिने ते वर्ष झालंय किंवा तेवढं थांबायची तुमची तयारी आहे. घरी आणताना रंगावर थेट बबल रॅप नको, त्याचे गोल वळ उठतात. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे ठोकळे लावून वरचं आवरण रंगाला न टेकता बांधायला सांगा. टांगायला दोन हुक लावा. खाचांत बसलेली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, ओल्या फडक्याने नाही.