सातमाळा डोंगररांगेतल्या पाच दिवसांच्या ट्रेकवर स्वयंपाकाला गॅसचा डबा की स्पिरिट?

सप्तशृंगीवरून निघून मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई करत चांदवडला उतरायचं, माणसं दोन. लाकडं गोळा करायचा विचार सोडून द्या, उरतात हे दोनच पर्याय.

गॅस चांगलाच. अर्धा लिटर पाणी तीन-चार मिनिटांत उकळतं, आठेक ग्रॅम गॅस जातो. स्पिरिटला तेवढ्याच पाण्यासाठी आठ-दहा मिनिटं आणि साधारण 25 मिली लागतं. खिचडी मंद आचेवर शिजवायची असेल तर गॅसला तोड नाही, स्पिरिट ज्या छोट्या पत्र्याच्या डबीत जाळतात तिला मंद-मोठं करताच येत नाही. थंडीत मात्र साध्या ब्युटेनचा डबा पहाटे कुरकुरतो. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं आणि जळताना डबा स्वतःच गार पडत जातो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावा, सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करावा. वारा अडवायला डब्याभोवती पत्रा गुंडाळू नये, डबा तापून फुटू शकतो.

वजनात वाटतो तेवढा फरक नाही. 230 ग्रॅम गॅसचा डबा रिकामा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, वर बर्नर. पाच दिवसांचं 600 मिली स्पिरिट साधारण 480 ग्रॅम, आणि डबी-बाटलीचं वजन नगण्य.

माझा कौल फिरतो तो अर्धवट डब्यामुळे. तिसऱ्या दिवशी धोडपवर डबा हलवून किती गॅस उरला ते नक्की सांगता येत नाही. वाटेतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून रिकाम्या डब्याचं वजन वजा करा, हा खात्रीचा उपाय, पण काटा दर मुक्कामी कुठला? मग धास्तीने दुसरा डबा घ्यायचा, आणि घरी असे अर्धे डबे साठत जातात. बर्नर स्क्रूसारखा फिरवून बसवायचा हा डबा नाशिक सोडल्यावर मिळेल असं धरून चालू नये. स्पिरिटच्या पारदर्शक बाटलीवर मार्करने 100-100 मिलीच्या खुणा केल्या की रोजचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो. कमी पडलंच तर धोडपखालच्या हट्टीतून वडाळीभोईला उतरून रंगाच्या दुकानात पॉलिशचं स्पिरिट विचारता येतं.

तिथे दुकानदाराने थिनर दिला तर घेऊ नका, काजळी धरतो आणि भडकतो. चमचाभर कातळावर ओतून पेटवून बघा. निळसर जळून कातळ कोरडा झाला तर माल ठीक, शेवटी पाणी उरलं तर भेसळ.

स्पिरिटचा धोकाही तेवढाच खरा. उन्हात ज्योत दिसत नाही. विझली असं समजून वरून ओतलं की आग थेट बाटलीत चढते. डबी गार होईपर्यंत भरू नये, विझवायला झाकण टाकावं. दिवाळीनंतर इथलं गवत वाळतं, तेव्हा मोकळ्या कातळाशिवाय पेटवू नका. फेब्रुवारीनंतर जाणार असाल, किंवा चौघांचं जेवण असेल, तर गॅसच न्या. बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधा आणि ती पाण्याच्या बाटल्यांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा, अंधारात कुणी तोंडाला लावायला नको. एसटीत आणि रेल्वेत दोन्ही इंधनांना मनाई आहे, त्यामुळे वणीपर्यंत स्वतःच्या गाडीने जात असाल तरच नाशिकहून भरून न्या, नाहीतर स्पिरिट वणीतच शोधा.