स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने: जेवणाचा अनुभव

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात एक तर आधीचे आणि नंतरचे फोटो असतात, नाहीतर ऐकीव भीती असते. घरी आल्यावर रोज पानावर बसताना नेमके काय होते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी पुण्यात होऊन आता दहा महिने होत आले. तेव्हा वजन ११८ किलो होते, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४८ च्या आसपास होता, मधुमेह जुना होता आणि झोपेत श्वास अडकत असल्याने रात्री मशीन लावून झोपावे लागत असे. आज वजन ८४ किलो आहे, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९ वरून ६ वर आले आहे आणि मशीन कपाटात गेले आहे. आकड्यांविषयी माझी काही तक्रार नाही, म्हणून हा लेख जेवणापुरताच ठेवते.

या शस्त्रक्रियेत जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे एकूण जठराच्या सुमारे ७५ ते ८० टक्के भाग, दुर्बिणीतून स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी मागे उरते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. बायपास या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत आतड्यांची जोडणी बदलतात, तशी येथे बदलत नाहीत आणि जठराच्या खालच्या टोकाची झडप जागेवर राहते, त्यामुळे गोड खाल्ल्यावर घाम सुटणे, छातीत धडधडणे हा प्रकार बायपासच्या मानाने कमी होतो. मात्र नळी अरुंद असल्याने आतला दाब वाढलेला असतो आणि एक घास जास्त झाला तरी तो लगेच जाणवतो.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार घ्यावा लागला. जठरावर यकृताचा डावा भाग टेकलेला असतो आणि चरबीने फुगलेले यकृत आकसले की सर्जनला काम करायला जागा मिळते, हे त्यामागचे कारण सांगितल्यावर ते दिवस काढणे सोपे गेले. रुग्णालयातल्या दिवसांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. त्याच संध्याकाळी उठवून चालवले, श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे खेळणे हातात दिले आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शने दिली. घरी जाताना एक गोष्ट मात्र नीट बजावली: नाडी सतत १२० च्या वर राहिली, ताप आला किंवा पोटात वाढते दुखणे सुरू झाले, तर टाक्याच्या रेषेतून गळती झाल्याची शंका घेऊन तडक परत यायचे, सकाळची वाट पाहायची नाही.

खरा अनुभव घरी सुरू झाला. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते तसले ३० मिलीचे मापाचे टोपण समोर ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक टोपण, तेही दोन-तीन घोटांत, असा पहिला पंधरवडा जातो. दिवसाला दीड लिटर द्रव पोटात जायला हवे आणि ते जाण्यासाठी जागेपणीचा सगळा वेळ लागतो. मोबाइलमध्ये गजर लावला नाही तर दुपारी दोन वाजता लक्षात येते की सकाळपासून पाव लिटरसुद्धा झालेले नाही.

मला दिलेला छापील आहारतक्ता कोणत्या तरी परदेशी तक्त्याची नक्कल असावा, कारण त्यात चिकन ब्रॉथ, ग्रीक योगर्ट, टोफू आणि मॅश केलेला बटाटा होता, पण ताक, कढण, आंबील यांचे नावही नव्हते. सांगलीतल्या घरात चार माणसांचा स्वयंपाक होत असताना एका माणसासाठी टोफू कोण शोधणार? दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा भर भाताच्या पेजेवर होता. "घे गं, पेजेने अंगात ताकद येते," असे त्या रोज म्हणत. पेज पोटाला सोसते हे खरे, पण तिच्यात बहुतांश पिष्टच असते आणि शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. वरणाची निवळ, मुगाचे गाळलेले कढण आणि ताक हे सगळे मिळूनही दिवसाअखेरी हिशेब वीस ग्रॅमच्या पुढे सरकत नव्हता. शेवटी व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची, पावडर आणावीच लागली, जिच्या डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात २४-२५ ग्रॅम प्रथिने असतात. व्हॅनिला आणि चॉकलेटच्या चवींचा तिसऱ्या दिवशी उबग येतो, त्यामुळे बिनचवीची पावडर घेऊन ती जिरेपूड आणि सैंधव घातलेल्या पातळ ताकात घुसळणे, ही माझ्या मते या संपूर्ण काळातली सर्वांत उपयोगी युक्ती ठरली. उकळत्या कढणात मात्र ती टाकू नये. तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या गिळताना अंगावर शहारा येतो.

दोन आठवड्यांनंतर वाटलेले, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. ग्रीक योगर्टच्या जागी मी चक्का धरला. घरच्या दह्याचा, फडक्यात रात्रभर टांगलेला चक्का थोड्या दुधात सैल करून मिरपूड घालून खाल्ला, तर चवही बदलते आणि प्रथिनेही साध्या दह्यापेक्षा बरीच जास्त मिळतात. मुगाच्या डाळीचे सरबरीत वरण, अंड्याची ओलसर भुर्जी, कुस्करलेले ताजे पनीर, काटे काढून मोडलेला मऊ मासा, एवढ्यावर तो महिना निघाला. ताट बाजूला ठेवून मी लोणच्याची वाटी आणि लहान मुलाचा चमचा वापरू लागले. त्या वाटीत चार चमचे वरण भरलेले दिसते, तर ताटात तेच चार चमचे पाहून घरातली माणसे हळहळतात, आणि त्यांची हळहळ पाहून आपण पाचवा चमचा घेतो.

पाचवा चमचा घेतल्यावर काय होते तेही सांगायला हवे, कारण कोणत्याही पत्रकात ते धड लिहिलेले नसते. पोट भरल्याची पूर्वीची जाणीव, म्हणजे पोटाला तडस लागणे, आता होत नाही. त्याऐवजी आधी नाक वाहू लागते किंवा एखादी उचकी लागते, आणि तीच थांबण्याची खूण असते. ती चुकवून आणखी घास घेतला किंवा नीट न चावता गिळला, तर छातीच्या मधल्या हाडामागे काहीतरी रुतून बसल्यासारखे दुखते, तोंडात फेसाळ लाळ दाटून येते, आणि मग उठून बेसिनपाशी उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. त्या वेळी पाणी प्यायल्याने अडकलेले खाली जात नाही, उलट पाणीच वर येते. चालत राहायचे आणि पंधरा-वीस मिनिटे सोसायचे, एवढाच उपाय आहे. असे अधूनमधून झाले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु उलट्या रोजच्या होऊन बसल्या तर थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, झपाट्याने संपते आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होऊ शकतो, म्हणून त्या वेळी घरगुती उपचार न करता डॉक्टरांकडे जावे.

पाण्याचा नियम मला जेवणाच्या नियमापेक्षा जड गेला. आपल्याकडे पान वाढण्याआधी तांब्या-भांडे मांडले जाते आणि तिखट रस्सा असो वा कोरडी भाकरी, प्रत्येक दोन घासांमागे घोटभर पाणी पिण्याची हाताला सवय असते. येथे जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. पाण्याबरोबर अन्न खाली ढकलले जाते, पोट लवकर रिकामे होऊन पुन्हा खावेसे वाटते, आणि मुळात जागा एवढी कमी की पाण्याने ती भरली तर अन्नाला उरतच नाही. मी माझ्या जागेवरून भांडे उचलून टाकले, आणि घरच्या कोल्हापुरी मसाल्याचे प्रमाण निम्म्यावर आणले, कारण तिखट लागले की हात आपोआप पाण्याकडे जातो.

दहा महिन्यांनंतर माझे सर्वांत ठाम मत असे झाले आहे की या लहान जठराला बरे-वाईट कळत नाही, किंबहुना त्याची आवड उलटीच असते. कोंबडीच्या छातीचा कोरडा तुकडा, गव्हाची पोळी, मोड आलेली मटकी, म्हणजे जे खायला हवे ते अडते. आणि चिवडा, बारीक शेव, चहात बुडवलेले बिस्किट, आइस्क्रीम हे सगळे विनातक्रार घसरत जाते. पोळीचा चावलेला घास लाळेबरोबर चिकट गोळा होऊन बसतो. ज्वारीची भाकरी त्या मानाने सोयीची, कारण ती चिवट नसते आणि आमटीत कुस्करली की विरघळल्यासारखी होते. पाव तर मी सोडूनच दिला आहे. साबुदाण्याची खिचडी दुहेरी वाईट: चिकटही आणि निव्वळ पिष्टही. त्यामुळे एकादशीचा उपवास मी आता दूध, राजगिरा आणि भिजवून शिजवलेल्या शेंगदाण्यांवर करते. सासूबाईंना ते मान्य व्हायला आषाढी ते कार्तिकी एवढा काळ लागला. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाढते, त्यांतले बरेच जण दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहिलेले असतात, असे माझे डॉक्टर सांगतात, आणि फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन दूरदर्शनसमोर बसल्यावर ते किती सहज घडेल, याची कल्पना मला पुरती आली आहे. म्हणून पहिले चार घास प्रथिनांचे, मग भाजी आणि जागा उरलीच तर भाकरी किंवा भात, हा क्रम मी मोडत नाही.

समारंभांत त्रास होतो तो अन्नापेक्षा आग्रहाचा. भाचीच्या लग्नात मी बुफेतून दोन चमचे पनीर आणि थोडी काकडी घेतली, तेव्हा एका मावशींनी माझ्या पानात जिलबी ठेवून वर विचारले, "अगं, एवढंच? आजारी आहेस का?" ऑपरेशनविषयी सांगितले तर अर्धा तास जातो, आणि सांगितले नाही तर पान टाकल्याचा ठपका येतो. आता मी डॉक्टरांनी पथ्य दिले आहे, एवढेच सांगते. पथ्य म्हटले की आपल्याकडे माणसे मुकाट मागे सरतात, हा माझा पक्का अनुभव आहे.

गोळ्या हा भाग कंटाळवाणा असला तरी जेवणाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो जन्मभराचा आहे. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही विभागून घ्यायचे. औषधाच्या दुकानात बिनदिक्कत कॅल्शियम कार्बोनेट हातात ठेवतात, परंतु जठरातले आम्ल कमी झालेल्यांना कॅल्शियम सायट्रेट अधिक चांगले लागू पडते, म्हणून पाकिटावरचे नाव वाचूनच पैसे द्यावेत. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे, नाहीतर लोह अंगी लागत नाही. याशिवाय बी-१२, डी आणि मल्टिव्हिटॅमिन आहेच. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, ते टाळण्यासाठी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड घ्यावे लागले. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. शरीराला मोठा धक्का बसल्यावर केसांची मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी नवे केस येतात, हे माहीत असूनही कंगवा हातात घेववत नसे. आता कपाळाच्या कडेने आखूड, ताठ केस उगवले आहेत. बद्धकोष्ठता मात्र अजून पुरती गेलेली नाही, कारण खाणेच कमी आणि त्यात लोहाची गोळी.

खर्चाविषयी थोडक्यात सांगते. विमा नियामकाने २०१९ मध्ये विम्यातून वगळायच्या गोष्टींची जी प्रमाणित भाषा ठरवून दिली, तीनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे), हृदयविकार अशा गंभीर व्याधी जोडीला असतील आणि इतर उपाय निष्फळ ठरले असतील, तर ही शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही. तरीही माझ्या विमा कंपनीने आधीच्या आहारोपचारांची कागदपत्रे पुन्हा पुन्हा मागितली, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. विम्यात न बसणारा खर्च, म्हणजे पावडर, गोळ्या आणि दर काही महिन्यांनी होणाऱ्या रक्ततपासण्या, घराच्या महिन्याच्या हिशेबात कायमचा धरून चालावा.

भूक आता हळूहळू परतू लागली आहे. सकाळी अकराच्या सुमारास पोटात कालवल्यासारखे होते आणि तेव्हा एक उकडलेले अंडे किंवा पनीरचे चार तुकडे पुरतात. वजन महिन्याला किलो-दीड किलोनेच उतरते आहे, कधी तीन आठवडे काटा हलतही नाही. सर्वांत मोठी कटकट सध्या आम्लपित्ताची आहे. स्लीव्हनंतर अन्ननलिकेत आम्ल वर येण्याचा त्रास अनेकांना नव्याने सुरू होतो किंवा असलेला वाढतो, आणि तो औषधांनी आटोक्यात राहिला नाही तर काहींना पुढे बायपास करून घ्यावा लागतो, ही गोष्ट शस्त्रक्रिया निवडतानाच मोकळेपणाने विचारून घ्यावी. वर्ष पूर्ण झाले की एंडोस्कोपी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, असे मला सांगितले आहे. तोवर रात्रीचे जेवण साडेसातच्या आत उरकते, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले आहेत, आणि सकाळी अनशापोटी पॅन्टोप्रॅझोलची एक गोळी चालू आहे.