जुना पीसी होस्टेलच्या नेटवर्कला जोडताना: कोणतं कार्ड घ्यावं, कोणतं टाळावं

जुना डेस्कटॉप होस्टेलच्या खोलीत आणला की बहुतेक जण पहिल्यांदा यूएसबी वायफाय डोंगल घ्यायला धावतात. खोलीच्या भिंतीत लॅन पॉइंट (नेटवर्कची तार लावायची जागा) असेल तर घाई करू नका. जुन्या मशीनला तार मानवते. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सहज मिळतो, प्रोसेसरवर ताण कमी येतो आणि शेजारच्या वीस खोल्यांच्या वायफायशी भांडावं लागत नाही. प्रश्न उरतो तो कोणतं कार्ड लावायचं याचा, आणि इथे खोक्यावरचं नाव नव्हे, आतली चिप बघायची असते.

त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, डोकवा. मदरबोर्डवरचाच (ऑनबोर्ड) लॅन कंट्रोलर बंद करून ठेवलेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि तसं असेल तर खर्चच वाचतो. पोर्ट खरोखर गेला असेल तर कॅबिनेट उघडून स्लॉट ओळखा. लांब, बहुधा पांढरा असतो तो पीसीआय. त्याहून बराच आखूड असतो तो पीसीआय एक्स्प्रेस एक्स१. दोघांची कार्डं एकमेकांत बसत नाहीत. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी येते का, ते विकत घेण्याआधी विचारा.

पीसीआय स्लॉटसाठी आमची पहिली पसंती इंटेल प्रो/१००० जीटी. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) कार्ड आहे, लिनक्समध्ये ई१००० ड्रायव्हरने लावल्याबरोबर चालतं आणि वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. साध्या ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ पीसीआय बसची कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि तीही बाकीच्या कार्डांत वाटली जाते, त्यामुळे पूर्ण गिगाबिटची अपेक्षा धरू नका. होस्टेलच्या पोर्टवर बहुधा तेवढा वेग मिळतही नाही. मोठा उणेपणा एकच: हे कार्ड विंडोज १० वर चालवण्याच्या भानगडीत पडू नका. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर इंटेल गिगाबिट सीटी घ्या. ८२५७४एल चिपचं हे कार्ड विंडोज १० आणि लिनक्स दोन्ही सरळ ओळखतात. जुन्या पीसीसाठी याहून निर्धास्त पर्याय आमच्या पाहण्यात नाही.

रियलटेक आरटीएल८१३९ चिपचं कार्ड भंगारातल्या मशीनमधूनही निघतं. वेग १०० मेगाबिट, एवढंच. विंडोज एक्सपीत याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, लिनक्समध्येही आहे. फुकट मिळत असेल तर बिनधास्त लावा.

यूएसबी-लॅन अ‍ॅडाप्टरमध्ये मात्र सोनं आणि माती एकाच डब्यात मिळते. एसिक्स एएक्स८८७७२ किंवा रियलटेक आरटीएल८१५२ चिप असलेला अ‍ॅडाप्टर यूएसबी २.० पोर्टवर १०० मेगाबिट नीट पेलतो. टाळायचा तो एसआर९७०० चिपचा स्वस्त अ‍ॅडाप्टर. त्यावर अनेकदा ‘यूएसबी २.०’ छापलेलं असतं, पण आतून तो यूएसबी १.१ च्या १२ मेगाबिटवर चालतो. त्याहून वाईट म्हणजे या जातीच्या असंख्य अ‍ॅडाप्टरांचा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) एकच असतो: ००-ई०-४सी-५३-४४-५८. मॅक पत्ता नोंदवून प्रवेश देणाऱ्या होस्टेलमध्ये असे दोन अ‍ॅडाप्टर आले की दोघांचंही नेट आळीपाळीने तुटतं आणि कारण कुणालाच उमगत नाही. आणखी एक ध्यानात ठेवा. नोंदणी अ‍ॅडाप्टरची होते, पीसीची नाही. मित्राला तो उसना दिलात तर त्याचं डाउनलोड तुमच्या नावावर चढतं.

लॅन पॉइंटच नसेल तर वायफाय. इथे टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे नाव हमखास सुचवलं जातं, पण सुचवणारे आवृत्ती सांगत नाहीत. पहिल्या आवृत्तीत एथेरॉस एआर९२७१ चिप आहे आणि लिनक्समध्ये ती उत्तम चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रियलटेक आरटीएल८१८८ईयूएस आहे. नाव तेच, रूप तेच, वस्तू वेगळी. मागच्या लेबलवर आवृत्ती छापलेली असते, ती वाचूनच घ्या. तरी ही पहिली आवृत्तीही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. त्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे भरलेल्या होस्टेलमध्ये रात्री काय होत असेल ते सांगायला नको. ५ गिगाहर्ट्झ हवं असेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा डोंगल पाहा. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) ४.१९ पासून त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. कोणताही डोंगल कॅबिनेटच्या पाठीमागे, पत्र्याच्या आडोशाला खोचू नका. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा.

कार्ड बसलं, दिवे लागले, तरी आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर आलेलं नाही. केबल बदलून पाहिली असेल आणि फरक नसेल तर बहुतेक वेळा त्या नेटवर्कवर ८०२.१एक्स ही लॉगिनची व्यवस्था आहे आणि लॉगिन झाल्याशिवाय पोर्ट उघडतच नाही. विंडोज ७ मध्ये इथे लोक तासन्‌तास अडकतात, कारण नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथेंटिकेशन’ हा टॅब दिसतच नाही. तो दाखवणारी ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सेवा मुळात बंद असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सुरू करा आणि स्टार्टअप ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, टॅब हजर होतो. तिथे पीईएपी ही लॉगिनची पद्धत निवडा. एमएसचॅप व्ही२ च्या शेजारच्या ‘कॉन्फिगर’मध्ये विंडोजचं लॉगिन नाव आपोआप वापरण्याची खूण काढा, नाहीतर पीसीवरचं ‘अ‍ॅडमिन’ हे नाव सर्व्हरकडे जातं आणि सर्व्हर ते अर्थातच नाकारतो. ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये ‘युजर ऑथेंटिकेशन’ ठेवा. एज्युरोम (अनेक शिक्षणसंस्थांचं सामायिक नेटवर्क) असेल तर वापरकर्त्याच्या नावात @ नंतरचा संस्थेचा भागही लिहावा लागतो. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासण्याची खूण काढून टाकली की लगेच जमतं, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. तपासणी नसेल तर त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभारून कुणीही तुमच्या पासवर्डावर टपून बसू शकतो.

नाव, पासवर्ड बरोबर असून विंडोज ७ नाकारलं जात असेल तर संशय टीएलएसवर, म्हणजे लॉगिन सांकेतिक करणाऱ्या पद्धतीवर, घ्या. हे विंडोज मुळात ईएपीसाठी (या लॉगिनच्या देवाणघेवाणीसाठी) टीएलएस १.० वापरतं आणि आजचे पुष्कळ सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाहीत. उपाय म्हणजे केबी २९७७२९२ हे अपडेट टाकायचं आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) रासमॅन, पीपीपी, ईएपी, १३ या फांदीखाली ‘टीएलएसव्हर्जन’ नावाची डीवर्ड व्हॅल्यू हेक्समध्ये सी०० ठेवायची, मग मशीन रीस्टार्ट. कॉलेजने पीईएपीऐवजी टीटीएलएस ठेवलं असेल तर विंडोज ७ मध्ये ते मुळातच नाही, ते विंडोज ८ पासून आलं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

खरं सांगायचं तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा लिनक्स टाकावं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि शेकडो अनोळखी मशीन असलेल्या नेटवर्कवर असं विंडोज उघडं सोडणं शहाणपणाचं नाही. प्रोसेसर ३२ बिट असेल तर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घ्या. १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबलं आहे. १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअरही (चिपमध्ये भरावं लागणारं सॉफ्टवेअर) सोबत येतं, त्यामुळे ‘नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही’ हा फेरा बऱ्याच अंशी टळतो. तरीही अडलंच तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) चालू करा. २ जीबी रॅमवर एक्सएफसीई डेस्कटॉप ठीक चालतो. ब्राउझरचे पाच-सात टॅब उघडले की मात्र दम लागतो.

जुन्या मशीनचा खास दोष घड्याळाचा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की दर बंद-चालूला तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं, ८०२.१एक्सचं लॉगिन नाकारलं जातं, पोर्टलचं (नेट सुरू होण्याआधी ब्राउझरमध्ये येणारं लॉगिनचं) पान उघडत नाही आणि नेट नसल्यामुळे घड्याळही स्वतःहून दुरुस्त होत नाही. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. तारीख बरोबर असूनही जुन्या प्रणालीवर सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर प्रणाली ज्यांवर विश्वास ठेवते त्या मूळ सर्टिफिकेटांची यादी शिळी झालेली असते. लेट्स एन्क्रिप्ट (वेबसाइटांना फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा) ज्यावर टेकलं होतं त्या जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, तेव्हापासून हा त्रास वाढला.

पोर्टलवाल्या नेटवर्कवर लॉगिनचं पान आपोआप येत नसेल तर एचटीटीपीएस नसलेलं एखादं पान उघडा. त्यासाठीच नेव्हरएसएसएल डॉट कॉम आहे. नोंदणीच्या अर्जात मॅक पत्ता भरताना वायफायचा आणि तारेचा पत्ता वेगळा असतो हे विसरू नका. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ला ‘/ऑल’ जोडून चालवलं की दोन्ही दिसतात, त्यातला ‘इथरनेट’खालचा बारा अंकाक्षरांचा ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ उचला.

नेट चालतंय पण मुंगीच्या पावलांनी, असं असेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी पाठवायचं की आळीपाळीने) कुणीतरी ‘१०० फुल’ असा ठोकून ठेवलाय का ते तपासा. पलीकडचा स्विच (अनेक तारा जोडणारं नेटवर्कचं यंत्र) ‘ऑटो’वर असेल तर त्याला समोरून वाटाघाट मिळत नाही, तो हाफ डुप्लेक्स धरतो आणि डेटाची पाकिटं आपटत राहतात. दोन्हीकडे ऑटो, बस्स. गिगाबिट कार्ड १०० वरच अडत असेल तर केबलमधल्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली असते, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात.

एका पॉइंटवर दोन मशीन हवीत म्हणून मध्ये छोटा स्विच लावण्याचा मोह होतो. ८०२.१एक्सची पाकिटं ज्या राखीव पत्त्यावर जातात ती बरेच साधे स्विच पुढे सोडतच नाहीत, त्यामुळे लॉगिनच सुरू होत नाही. वाटेत दुसरं मशीन दिसलं म्हणून कॉलेजच्या स्विचने पोर्ट बंद केला तर तो आयटी विभागाकडे जाऊनच उघडून घ्यावा लागतो. राउटर लावणाऱ्यांनी तर भिंतीची तार चुकूनही राउटरच्या लॅन पोर्टात घालू नये. त्याचा डीएचसीपी अख्ख्या मजल्याला चुकीचे पत्ते वाटू लागतो. कार्ड नवं असो की जुनं, पहिली चाचणी थेट भिंतीतल्या पॉइंटला लावूनच करा.