गोव्यात मोटरहोम सांभाळताना: दुरुस्तीच्या दरांचा अनुभव

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले, आत राहण्या-झोपण्याची सोय असलेले, सेकंडहँड घेतलेले आमचे मोटरहोम आता एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा पर्यटनाचा हंगाम गोव्यात काढून झाले आहे. अशा गाडीतून फिरण्याच्या आनंदावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ती सांभाळायला किती खर्च येतो, आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा रास्त आहे की वाटेल तसा फेकलेला आहे, हे ताडायचे कसे, याविषयी मात्र मराठीत माझ्या वाचनात फारसे आले नाही. त्यामुळे पुढचा अनुभव हा प्रवासाचा नसून मुख्यतः बिलांचा आहे.

या काळात एक गोष्ट वारंवार प्रत्ययाला आली. मोटरहोमच्या दुरुस्तीचा असा ठरलेला दर गोव्यात नाही, कारण अशा गाड्याच इथे थोड्या आहेत आणि दर ठरण्यासाठी तेच काम रोज कोणीतरी करत असावे लागते. म्हणून अख्खी गाडी दाखवून ‘याचे किती होतील’ असे विचारले, की समोरचा मनुष्य प्रामाणिक असला तरी अंदाजाने आणि भीतीपोटी मोठाच आकडा सांगतो. तेच काम त्या-त्या कसबाच्या माणसाकडे, त्याच्या रोजच्या कामाच्या भाषेत नेले, की दर आपोआप जमिनीवर येतो. घासाघीस करून जे कधी साधले नाही, ते काम योग्य दारात नेऊन साधले.

गाडीचा पाया ही यातली सर्वांत सोपी बाजू आहे. पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या याच बनावटीच्या गाड्या गोव्यात पावलोपावली दिसतात आणि म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या गॅरेजवाल्यांना त्यांचे क्लच, बुश, बेअरिंग तोंडपाठ आहेत. आमचा क्लच घसरू लागला तेव्हा मी पहिला प्रश्न ‘टूरिस्ट ट्रॅव्हलरच्या क्लचची मजुरी किती घेता’ एवढाच केला, उत्तर वहीत लिहून घेतले आणि मग गाडी दाखवली. मेस्त्री वाकून पोटाखाली पाहून आला. सांडपाण्याची टाकी गिअरबॉक्सच्या बरीच मागे आहे, ती उतरवावी लागणार नाही, असे त्याने स्वतःच सांगितले आणि मजुरी तीच राहिली. टाकी आड आली असती, तर ती काढण्या-बसवण्याचे वेगळे पैसे मागणे त्याचा हक्कच होता. बोलण्याचा हा क्रम उलटा केला की काय होते, ते किनारपट्टीवरच्या एका मोठ्या गॅरेजात कळले: तिथे आधी गाडी पाहिली गेली, आतल्या फर्निचरचे कौतुक झाले, आणि मग क्लचसकट ‘सगळे मिळून’ असा एक गोल आकडा आला, ज्याची फोड मागितल्यावर मिळाली नाही.

फोड हा मुद्दा मी आता सोडत नाही. सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि कर हे तीन रकाने वेगळे असल्याशिवाय दोन एस्टिमेटांची तुलनाच होऊ शकत नाही. वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी 1000 रुपयांचा असलेला भाग 1280 ऐवजी 1180 रुपयांना मिळायला हवा. जुन्या एस्टिमेटवरून नवे बेतणाऱ्या गॅरेजात हा फरक कधी कधी विसरला जातो, आणि तो नम्रपणे दाखवून दिला की बहुधा कोणी वाद घालत नाही. खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे त्या आकड्यावर पुन्हा कर चढवणे चुकीचे आहे. शिवाय बिलात जीएसटी लावलेला असेल तर त्यावर पंधरा अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे आणि गोव्यातल्या व्यवसायाचा तो 30 ने सुरू होतो. नोंदणी नसलेला लहान गॅरेजवाला कर आकारूच शकत नाही. त्याच्या साध्या पावतीत गैर काहीच नाही, गैर आहे ते क्रमांकाशिवाय कराचा रकाना भरणे.

सुटे भाग आपण बाहेरून आणून द्यावेत का, यावर माझे मत सावध आहे. गॅरेजवाला भागावर थोडा नफा घेतो आणि त्या बदल्यात भाग सदोष निघाला तर दुसऱ्यांदा मजुरी न घेता बदलून देतो. ही हमी हवी असेल तर तो नफा रास्तच मानला पाहिजे. फिल्टर, पट्टे, वायपर असल्या किरकोळ वस्तू मी आणून देतो, क्लच किंवा ब्रेकचे सामान कधीच नाही.

आता छपराकडे येतो, कारण पैसा आणि शिकवण दोन्ही सर्वांत जास्त तिथेच गेले. जूनच्या मध्यावर पलंगावरच्या कपाटाच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली. मोटरहोम बांधणाऱ्या एका परराज्यातील कारागिराने छायाचित्रे पाहून छप्पर पूर्ण उघडून नवे करावे लागेल असे सांगितले आणि त्याचा आकडा ऐकून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. आमचे छप्पर फायबरचे, म्हणजे एफआरपीचे आहे. गोव्यात या कामाचे जाणकार मासेमारीच्या धक्क्यांवर सापडतात, कारण फायबरच्या होड्यांची डागडुजी हे तिथले नेहमीचे काम आहे. पणजीसमोरच्या मालिम धक्क्याच्या आसपास चौकशी करत गेलो, तर होड्या दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ शिडीवरून वर चढले, खिडकीवजा झरोक्याच्या कडेवर बोट फिरवले आणि म्हणाले, ‘‘उदक वयल्यान येना, कुशीन भितर सरता.’’ (पाणी वरून येत नाही, बाजूने आत शिरते.) फायबर कुठेच फुटलेले नव्हते. झरोक्याची चौकट बसवताना कोणीतरी खिडक्यांना वापरतात ते साधे सिलिकॉन भरले होते, उन्हाने ते एका बाजूने सुटले होते आणि पाणी त्या फटीतून आत शिरून लाकडी पट्टीवरून वाहत दुसऱ्याच कोपऱ्यात उतरत होते.

त्यांनी चौकट काढली, जुने सिलिकॉन पात्याने आणि मग सॉल्व्हंटने पूर्ण खरवडले, कारण त्याचा अंश राहिला तर त्यावर दुसरे काहीही धरत नाही. स्क्रूंची जुनी, मोठी झालेली भोके रेझिन आणि फायबरच्या चटईच्या तुकड्यांनी बुजवली, चौकटीखाली ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, घातली आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट ओढले. रेझिन दमट हवेत नीट सुकत नाही म्हणून पावसाची उघडीप पाहून आणि वर ताडपत्री बांधून हे काम केले. त्यांचा हिशेब होडीसारखाच होता: सामानाचे वेगळे, दिवसाच्या मजुरीचे वेगळे. एकूण खर्च त्या कारागिराच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी झाला आणि पुढच्या मुसळधार पावसात कोपरा कोरडा राहिला. परराज्यातील कारागीर लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने छायाचित्रावरून दर सांगितला आणि छायाचित्रात ओल दिसते, तिची वाट दिसत नाही.

विजेच्या बाबतीतही असेच घडले. फ्रीज रात्री मध्येच बंद पडे आणि एका दुकानाने लिथियम बॅटरी ‘संपली’ असे सांगून नवी घेण्याचा सल्ला दिला. बॅटरी बदलण्यापूर्वी सोलर आणि इन्व्हर्टरची कामे करणाऱ्या वायरमनला बोलावले. त्याने फ्रीज चालू ठेवून मीटर आधी बॅटरीच्या टोकांवर लावला, तिथे 12.9 व्होल्ट, मग फ्रीजच्या टोकांवर, तिथे 11.3. मधला 1.6 व्होल्टचा दाब बारीक आणि लांब वायरमध्ये व खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या जोडांत जात होता, आणि दाब एवढा उतरला की फ्रीज स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. जाड तांब्याची वायर, वायरच्या टोकांना बसवायचे कथिल चढवलेले लग, नवा फ्यूज आणि त्याची भेट मिळून जो खर्च झाला, तो नव्या बॅटरीपुढे नगण्य होता. तेव्हापासून बॅटरी बदला असे कोणीही म्हटले, की भार चालू असताना दोन्ही टोकांची मोजणी मी आधी मागतो. निदानाचे पैसे देण्यात काचकूच करू नये, हेही इथेच पटले. तपासणी फुकट करणारा मनुष्य ते पैसे कुठून तरी वसूल करणारच.

पाट्यांविषयी, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांविषयी, थोडक्यात सांगतो. मागची बाजू बसल्यासारखी दिसत होती आणि एका गॅरेजने प्रत्येक बाजूला एकेक पाटा वाढवण्याचा सल्ला दिला होता. त्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली, आधी पुढची चाके, मग मागची. पाण्याची भरलेली टाकी म्हणजे लिटरमागे एक किलो, आणि आमची टाकी, दोन्ही बॅटऱ्या व अवजारांची पेटी सगळी मागच्या आसामागे होती. पेटी पुढे हलवली, टाकी प्रवासात अर्धीच भरू लागलो आणि पाटे वाढवण्याचे काम रद्द झाले. काट्याची फी चहापाण्याएवढी होती.

गंज हा गोव्यातला कायमचा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही, फक्त नेमका करता येतो. खारी हवा तर आहेच, पण तांबडा चिखल चॅसीच्या पोकळ पट्ट्यांत बसून ओल धरून ठेवतो, ते अधिक वाईट. खालून अँटिरस्ट मारून देणारे खूप आहेत आणि त्यांचे दर एकमेकांपेक्षा दुप्पट-तिप्पट वेगळे असतात. खरा फरक मारण्यात नसून तयारीत असतो. तारेच्या ब्रशने गंज काढणे, धुऊन पूर्ण सुकवणे, प्राइमर देणे आणि मगच काळा थर, अशी कामाची यादी कागदावर लिहून त्यावर दर मागितला, की स्वस्त सांगणारे काही जण स्वतःहून मागे सरतात. ओल्या गंजावर मारलेला थर गंज झाकतो आणि आत वाढू देतो. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे, कारण मे महिन्याच्या अखेरीस सर्वांनाच पाऊस आठवतो आणि दर व घाई दोन्ही वाढतात.

मोटरहोम चालते कमी आणि उभे जास्त राहते, त्यामुळे किलोमीटरवर बेतलेले सर्व्हिसचे वेळापत्रक तिला लागू पडत नाही. ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदलावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीचे दोन टायर दिसायला कोरे होते आणि आकडे 1417 होते. ते बदलताना मी दराची चर्चा लांबवली नाही. ब्रेक आणि गॅसच्या नळ्यांच्या कामातही मी कधी दुसरे एस्टिमेट घेत नाही, ज्याच्या कामावर विश्वास आहे त्याला तो मागेल ते देतो.

या पद्धतीच्या उणिवा मोठ्या आहेत. कामे चार माणसांत वाटली की जबाबदारीही वाटली जाते. छपराचे काम झाल्यावर तिथला दिवा बंद पडला, तेव्हा होडीवाले म्हणाले वायरमनला विचारा आणि वायरमन म्हणाला छप्पर कोणी उघडले. शेवटी मी अर्धा दिवस दोघांना एकत्र उभे केले. आता प्रत्येकाचे काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दिवे, पंप, फ्रीज त्याच्यासमोर चालवून पाहतो. वेळही जास्त जातो. दुपारी एकनंतर दुकाने बंद, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात कोणीच जागेवर नाही, आणि डिसेंबरात टूरिस्ट गाड्यांच्या गर्दीत आपली गाडी रांगेत शेवटी. ज्याला वेळ नाही, त्याने एकाच ठिकाणी सगळे काम देऊन जास्त पैसे मोजले, तर मी त्याला भोळा म्हणणार नाही. तो समन्वयाचे पैसे देतो आहे, फक्त ते बिलात वेगळे दिसले पाहिजेत.

बेळगाव किंवा कोल्हापूरला गाडी नेली तर स्वस्त पडेल, असे मला अनेकांनी सुचवले. लेथची आणि इंजिनाची मोठी कामे तिथे चांगली होतात यात शंका नाही, पण डिझेल, मुक्काम आणि तक्रार निघाल्यास घाट चढून पुन्हा जाण्याचा खर्च धरला, तर लहान कामांत काही उरत नाही.

एक गोष्ट मात्र अजून कुठल्याच दारात सुटलेली नाही. आमच्या कॅसेट टॉयलेटचे, म्हणजे मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करता येणाऱ्या टॉयलेटचे, सील आयात केलेले आहे, त्या मापाचे रबर इथल्या कोणत्याही धंद्यात वापरले जात नाही, आणि तुलनेला दुसरा दरच नसल्यामुळे विक्रेता सांगेल ती किंमत आणि वर कुरिअरचा खर्च द्यावा लागतो. दोन सीलची ऑर्डर एकदम दिली, एवढीच त्यात बचत झाली.