हिशेब पुण्यात, बिलं कुपवाडात : दहा महिन्यांचा अनुभव

आमची सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचं, मशिनिंग करून पंपवाल्यांना द्यायचं. सतरा वर्षं हिशेब सांभाळणारे काका मागच्या जुलैत गुडघ्यापायी थांबले. ऑडिटरना म्हटलं, आता तुम्हीच लिहा की हिशेब. तर कंपनी कायद्याच्या कलम 144 नुसार ज्या कंपनीचं ऑडिट करतो तिचे हिशेब ऑडिटरला लिहिता येत नाहीत म्हणे. मग ऑगस्टपासून पुण्यातल्या एका फर्मला काम दिलं. महिना 18,000, वर जीएसटी. काकांना 24,000 आणि दिवाळीला एक पगार होता, त्यामुळं स्वस्तात सुटलो असं वाटलं.

तसं नव्हतं. रोजची बिलं, चलनं, व्हाउचर संध्याकाळपर्यंत स्कॅन करून पाठवायची ही त्यांची अट. ते करतो आमचा स्टोअरचा पोरगा आणि त्याचा रोज दीड तास त्यात जातो. तो पगार मी सुरुवातीला धरलाच नव्हता.

डोकं खरं फिरलं ते टेम्पोवरून. मिरजेहून कास्टिंग आणणारा छोटा हत्तीवाला कोऱ्या कागदावर '600 मिळाले' लिहून सही करतो. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, वगैरे काही नाही. बिल्टी करत नाही तो जीटीए (जीएसटीच्या भाषेतली ट्रान्सपोर्ट एजन्सी) नव्हे, त्याच्या भाड्याला जीएसटी नाही. काकांना हे तोंडपाठ होतं. पुण्यातल्या मॅडमनी मात्र 'भाडे' दिसलं की 5 टक्के आरसीएम, म्हणजे वाहतूकदाराऐवजी आम्ही भरायचा जीएसटी, लावायचा सपाटा चालवला. हा कर क्रेडिटमधून (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) वळता होत नाही, रोखीनं भरावा लागतो. नंतर क्रेडिट मिळतं, पण तीन महिने पैसे उगाच अडकले. फोन केला तर म्हणतात, "सर, पण ते ट्रान्सपोर्टच आहे ना?" म्हटलं, "अहो मॅडम, तंबाखू मळत गाडी हाकणारा एकटा माणूस आहे तो. ट्रान्सपोर्ट कंपनी कुठली!" ऐकलं त्यांनी. पण डिसेंबरात त्या सोडून गेल्या आणि नव्या आलेल्यांनी पुन्हा तेच केलं. आता तिसऱ्या आहेत. त्यांच्यासाठी मी दोन पानांचं टिपणच करून ठेवलंय : टेम्पो कोणता, हमाली कुठली, प्लेटिंगला गेलेला माल विक्रीत धरायचा नाही.

आता जमेची बाजू. दर महिन्याच्या 14 तारखेला 2बी, म्हणजे पुरवठादारांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं पत्रक, येतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाची बिलं त्यात दिसत नाहीत याची यादी माझ्या फोनवर असते. काकांकडं हे काम 'मार्चला बघू' खात्यात असायचं. पहिल्याच यादीत एका टूलवाल्याची चार बिलं गायब, 61,000 चं क्रेडिट. त्यातली दोन आदल्या आर्थिक वर्षातली, म्हणजे 30 नोव्हेंबर उलटला की त्यावर पाणी सोडायचं. फोन लावला तर, "शेठ, आमचा रिटर्न भरणारा गावाला गेलाय." मी त्याच्या पुढच्या पेमेंटमधून तेवढी रक्कम धरून ठेवली. गावाला गेलेला माणूस आठवड्यात परत आला.

फेब्रुवारीत आणखी एक यादी आली. सूक्ष्म-लघु उद्योगवाल्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. मुदत टळून 31 मार्चला ते थकीत राहिले तर तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. आमची फाउंड्री त्यातच बसते. आणि आमचं गिऱ्हाईक आम्हाला 90 दिवसांनी देतं! ओव्हरड्राफ्ट उचलून 28 मार्चपर्यंत सगळे मोकळे केले. व्याज गेलं, पण यादी आली नसती तर त्याहून जास्त टॅक्स बसला असता.

कागदांचं म्हणाल तर 2019 च्या पुरात काकांच्या सांगलीच्या गावभागातल्या घरी ठेवलेल्या आमच्या दोन वर्षांच्या फायली लगदा झाल्या होत्या. आता बिल शोधायला कपाट उघडावं लागत नाही.

बँकेत पुण्याच्या फर्मला फक्त पेमेंट तयार करायचा अधिकार दिलाय, मंजुरी माझी. हे पहिल्या दिवसापासून केलं ते बरं झालं. डिजिटल सहीचा छळ मात्र आहेच, थ्रीबी हा महिन्याचा जीएसटी रिटर्न त्याशिवाय जात नाही. 20 तारखेला रात्री साडेदहाला माधवनगरच्या एका लग्नात, हातात जिलेबीचं ताट, आणि फोन : "सर, थ्रीबीवर तुमची डिजिटल सही राहिलीय." दिवसभर काय करत होते कोण जाणे.

जुलैत करार संपतोय. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला आमचा डेटा त्यांच्या क्लाउडवर आहे आणि सोडताना तो किती दिवसांत परत द्यायचा हे आत्ताच्या करारात नाही. माझीच चूक, सही करताना फक्त दर बघितला. या वेळी दर शनिवारी बॅकअप आमच्याकडं आणि नवा माणूस लावला तर पंधरा दिवस जुन्याबरोबर, एवढं लिहून घेणार आहे. त्यांनी 2,000 वाढ मागितलीय. 1,000 वर तुटेल.